खुन्नस मॅडमची कोरी मशीन

आमच्या ऑफिसातल्या ताई अपमान कधी विसरायच्या नाहीत. औरंगपुऱ्यातल्या एका रिक्षावाल्याने त्यांना एकदा भर उन्हात अर्ध्या रस्त्यात उतरवून दिलं होतं. कित्येक महिन्यांनी तोच आम्हाला भेटला. मी आत बसलेही होते. ताईंनी माझा हात धरून मला खाली ओढलं आणि त्याला म्हणाल्या, "तुमच्या रिक्षात नाय बसणार. जावा." त्या बिचाऱ्याला काहीच आठवत नव्हतं. ताईंना मात्र त्याच्या त्या दिवशीच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवत होता. ऑफिसात सगळे त्यांना मागून 'खुन्नस मॅडम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

ताई गंगापूरकडच्या. शेतकऱ्याचं घर, आणि त्या घरातल्या पहिल्या इंजिनिअर. उस्मानपुऱ्यात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. दुष्काळाचे दिवस होते, आणि तरी शहर चहूकडे पसरत होतं. नव्या वसाहतींत माणसं आधी राहायला यायची, नळ नंतर. तिथे टँकर जात, आणि त्या टँकरच्या फेऱ्या लावणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. ताई टेस्टिंग बघायच्या.

कोणीही कोड बदलला की आपोआप एक कोरी मशीन, म्हणजे आधीचं काहीच नसलेला कॉम्प्युटर, उभी राहायची. तिच्यावर आधी आमचा कोड ज्या भाषेत होता ते पायथन बसायचं, मग ताईंनी लिहिलेल्या चाचण्या धावायच्या. एक जरी नापास झाली तरी तो कोड पुढे जात नसे. ही व्यवस्था ताईंनी एकटीने उभी केली होती, आणि पायथनचं व्हर्जन, म्हणजे कितवी आवृत्ती, ते नेमकं लिहिण्याबाबत त्या फार कडक होत्या. "कोऱ्या मशीनला काय म्हाईत असतंय? आपण सांगू तेवढंच," त्या म्हणायच्या. "'नवं असंल ते घे' म्हणणं म्हंजे लग्नात 'यील तो नवरा' म्हणण्यासारखं हाय."

एका उन्हाळ्यात ताई रजेवर गावी गेल्या. आमच्या टीमच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, घाई झाली होती. त्यांनी व्हर्जनच्या जागी 'सगळ्यात नवं' असं लिहून टाकलं. नव्या पायथनवर चाचण्या नापास व्हायला लागल्या, तर त्यांनी चाचण्याच बंद केल्या. कोड पुढे गेला. दुसऱ्या दिवशी एका वसाहतीत टँकर पोचलाच नाही, आणि शेजारच्या वसाहतीत दोन गेले. बायका रिकाम्या बादल्या घेऊन थेट आमच्या जिन्यात येऊन बसल्या.

ताई परत आल्या त्या सकाळी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. सर शांतपणे म्हणाले, "टेस्टिंग नीट झालं नाही. बाईंना घरचं फार असतं."

"सर, पण बदल तर तुम्ही केला होता," मी म्हणाले.

"तू बस," मालक म्हणाले.

ताईंना तिथल्या तिथे काढलं. पिशवीत डबा ठेवताना त्यांचे डोळे कोरडे होते. मला म्हणाल्या, "रडायला लई वेळ हाय. आधी ह्याचं बघते."

पुढे त्या वाळूजच्या एका कारखान्यात लागल्या. तिथल्या टेस्टिंगच्या प्रमुख झाल्या आणि मलाही तिकडे घेऊन गेल्या. दरम्यान सरांनी स्वतःची कंपनी काढली होती. आमच्या कारखान्याला गोदामासाठी सॉफ्टवेअर हवं होतं, आणि निवड होता होता सरांचंच पुढे आलं. शेवटचा होकार ताईंचा होता.

सर लॅपटॉप घेऊन आत आले आणि ताईंना पाहून दारातच थबकले. मग हसून म्हणाले, "चला, माझ्या लॅपटॉपवर दाखवतो."

"नाय. इथं लावा," ताई म्हणाल्या, आणि समोर कोरी मशीन ठेवली.

कोणतं पायथन लागतं हे सरांनी कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांच्या लॅपटॉपवर झकास चालणारं ते सॉफ्टवेअर तिथे उभंच राहीना. सर घाम पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, एक आठवडा द्या फक्त."

शेजारी बसलेल्या कारखान्याच्या साहेबांनी ताईंकडे पाहिलं. मुदत देणं सर्वस्वी ताईंच्या हातात होतं. ताई सरांच्याच सुरात, तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "टेस्टिंग नीट झालं नाही. सरांना घरचं फार असंल."

दुपारी कँटीनमध्ये मी विचारलं, "ताई, आठवडा दिला असता तर त्यांचं चाललं असतं ना?"

"व्हय. चाललं असतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हणून नाय दिला."

त्या क्षणी मला त्यांची थोडी भीती वाटली. आणि खोटं कशाला सांगू, त्या फार आवडल्याही.

सरांची कंपनी फार दिवस टिकली नाही. ताई नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याला गेल्या आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. परवा आमच्याकडे एक जागा निघाली, तर अर्जांत सरांचं नाव. मी भेटीलाही न बोलावता नकार कळवला आणि मोठ्या तोऱ्यात ताईंना फोन केला.



"येडी का गं तू?" ताई म्हणाल्या. "नाय कशाला म्हणलीस? मी असते तर घेतलं असतं त्याला."

मी चकित झाले. "माफ केलंत?"

"माफ?" ताई म्हणाल्या. "माझ्या हाताखाली घेतलं असतं. रोज."