रोस कारीवरची हळद

बोट पोर्ट लुईच्या धक्क्याला लागली तेव्हा मला उतरायचंच नव्हतं. इतके दिवस समुद्रात पोट ढवळून निघाल्यावर माणसाने जमीन पाहून हरखावं. मला मात्र गिरगावातल्या आईची आठवण येऊन रडू फुटलं.

मुंबईत मी व्यवसायोपचार शिकवत असे. लुळ्या पडलेल्या हाताला रोजच्या कामांतूनच पुन्हा कामाला लावायचं, ही ती विद्या. त्या बेटावरच्या परिचारिकांना ती शिकवायला मला वर्षभरासाठी बोलावलं होतं. वर्ग उंचावरच्या क्युरपिप गावात भरे. तिथे पाऊस थांबत नसे आणि माझ्या साड्या वाळत नसत.

माझी विद्यार्थिनी सुमती एका रविवारी मला बसने रिव्हिएर दू रांपार गावी तिच्या मावशीकडे घेऊन गेली. दुतर्फा ऊस, मधेच काळ्या दगडांच्या राशी. गोपिकामावशींचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता.

"तू मुंबयची? आमची बोली कळते तुला?" त्यांनी विचारलं. अगदी माझ्या आजोळची बोली, पिढ्यांपूर्वी मजुरांबरोबर बोटीने इकडे आलेली!

"पोरीचं लगीन हाय, मिस. मग ती नवऱ्यासंगं लांगलेतेरला (इंग्लंडला) जायची. तिची सफ्रां (हळद) मीच वाटणार, मीच लावणार. ह्याच हातानं."

हाताच्या व्यायामासाठी सुमतीने इस्पितळातला लाकूड घासायचा ठोकळा आणला होता. मावशींनी तो दोनदा पुढे ढकलला आणि बाजूला सारला. "मला काय सुतार व्हायचंय?"

सुमतीची नजर अंगणातल्या ओट्यावरच्या रोस कारीकडे (पाटा-वरवंट्याकडे) गेली. दोन्ही हातांनी पुढेमागे लोटायचा वरवंटा. याहून चांगलं साधन मी कुठून आणणार होते? लुळा हात आम्ही फडक्याने वरवंट्याला बांधला, शेजारी चांगला हात ठेवला.

खरी अडचण निघाली घरातल्या बायकांच्या मायेची. वरवंटा जरा अडला की मावशींच्या जाऊबाई धावायच्या, "आयो, दे गं इकडं!" मग मी वर्गातला माझा पहिला धडा अंगणात घेतला: "सगळ्यांनी हात पाठीमागे!" शाळकरी मुलींसारख्या रांगेत उभ्या राहून त्या मावशींना नुसत्या बघत राहिल्या. मदत न करणं शिकवायला मला नेहमीच सगळ्यात जास्त वेळ लागतो.

असे कित्येक रविवार गेले. लग्नाच्या आदल्या दुपारी मावशींनी फडक्याशिवाय हळद वाटली. जाडीभरडीच होती. ती लीलाच्या, म्हणजे लेकीच्या, गालाला लावली आणि तिचं मनगट धरलं. बोटं उघडेनात.

"सोड गं, बाकीच्यांना लावायचीय," जाऊबाई म्हणाल्या. अशा हाताला पकड आधी येते, सोडणं फार उशिरा. हे सुमतीला मीच शिकवलेलं. सुमती बोटं सोडवायला पुढे झाली.

"लेस ली (राहू दे)," मी म्हटलं. लीलाने हात ओढला नाही. मायलेकी तशाच बसून राहिल्या आणि मला माझी आई जवळ हवीशी वाटली.

वर्ष संपलं आणि मी मुंबईला परत आले. आईजवळ बसले, पोटभर बोलले, आणि मग त्या अंगणाची ओढ लागली.

इथल्या वर्गातल्या मुली विचारतात, मावशींची बोटं का उघडली नाहीत? मी स्नायूंचं कारण फळ्यावर लिहून देते. ते चूक नाही. पण त्याच दुपारी, हळद वाटून झाल्यावर, त्या हाताने वरवंटा अलगद सोडला होता. ते मी पाहिलं होतं. वर्गात सांगत नाही.