सीटखालची बॅटरी आणि वडिवळ्याची सुती फीत

हे लिहिणं मला भाग आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या सायकल गटात मी ठामपणे लिहिलं होतं, की विजेवर चालणाऱ्या गियरची बॅटरी सीटखालच्या नळीत दुहेरी चिकटपट्टी आणि स्पंज लावून बसवली की काम झालं. चार जणांनी तसंच केलं. ते चूक होतं. कसं चूक होतं ते मला वडिवळ्याच्या रस्त्यावर कळलं, आणि बरोबर काय तेही तिथेच.

आधी माझी अडचण सांगते. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा झिजला आहे. साध्या गियरचा खटका मला दाबवत नाही, बटण दाबवतं. म्हणून निवृत्तीनंतर ही सायकल घेतली. मुलाला माझं एकटीनं भटकणं पसंत नाही. दोनदा तो गाडी घेऊन मला रस्त्यातून उचलायला आला, तेव्हा ठरलं: तिसऱ्यांदा फोन आला तर सायकल त्याच्या ताब्यात. मी हो म्हटलं होतं. दिलेला शब्द पाळायचा, हे त्याला मीच शिकवलं आहे.

शनिवारी सहाला सोमाटण्याहून निघाले. बेत असा: कामशेत, तिथून वडिवळ्याचं धरण, परत कामशेत, मग लोणावळा आणि संध्याकाळच्या आत घर. जुन्या हायवेवर लवकर निघालेलं बरं, आठनंतर ट्रक अंगावर येतात. कामशेतला पोहे आणि चहा पन्नास रुपयांत झाले. पोहे गरम होते, चहा अतिगोड. तिथून उजवीकडे वळलात की मावळ खरा सुरू होतो. भात कापून झालं होतं, खाचरांत पेंढ्या आडव्या पडल्या होत्या आणि ओल्या काडाचा वास रस्ताभर सोबतीला होता. रस्ता मात्र तुकड्यातुकड्यांत चांगला आहे.

कामशेत सोडताच सीटखाली टक टक ऐकू येऊ लागलं. बाटली हलत असेल म्हणून मी थांबले नाही. मग एक मोठा खड्डा आला आणि आवाज बंद झाला. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं. पुढच्या चढावर बटण दाबलं, गियर हलला नाही. सगळ्यात जड गियरवर सायकल अडकली होती. चार पायडल मारून उतरले. फोन हातात घेतला, मुलाचं नाव समोर आणलं आणि फोन पुन्हा खिशात ठेवला.

ढकलत निघाले. पहिल्याच वस्तीवर पत्र्याची शेड आणि पाटी दिसली: ‘मोटार वाइंडिंग करून मिळेल’. आत चाळिशीच्या एक बाई पाण्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होत्या. त्या रंजनाताई. नवरा नदीतून जळके पंप काढून आणतो, आणि या ते पुन्हा गुंडाळतात. शेजारी आपल्या पंपावर हात ठेवून एक आबा नंबर लावून बसले होते.

“इथे सायकलवाला कुठे भेटेल?”

“कामशेतला. काय झालं मावशी?”

मी सांगितलं. आबा पुढे सरकले. “गियरला करंट? आमच्या बैलास्नी अजून चार्जर लावला न्हाई बरं का.”

“आबा, तुमी गप ऱ्हावा. पंप जळला तवा बैलानं पानी वर वढलं व्हतं का?”

“न्हाई. पर माझा पंप कुटं उडून चाललाय? मास्तरीणबाईंचं बघ आदी.”

“मी शिक्षिका आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“बोलण्यावरनं,” आबा म्हणाले.

मी सीटच्या उंचीवर पेनानं खूण केली, माझ्या सहाकोनी ॲलन चावीनं बोल्ट सैल केला आणि नळी उपसली. रिकामी! उष्म्यानं चिकटपट्टीचा गोंद वितळला होता, बॅटरी वायरमधून सुटून खाली सायकलच्या सांगाड्यात पडली होती. सायकल उलटी करून हलवली तेव्हा ती बाहेर आली. आतली वायर रंजनाताईंनी तारेच्या आकड्यानं अलगद वर काढली.

“नाजूक वस्तू आहे, सांभाळून,” मी म्हटलं.

“मावशी, केसाएवढी तार भरते मी.” मान वर न करता उत्तर आलं.

मग त्यांनी जे केलं ते नीट वाचा. सुती फीत घेतली, मोटारीच्या तारा बांधायला वापरतात ती. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत बॅटरीभर गुंडाळली. फितीचं लांब टोक नळीतून वर नेऊन सीटच्या पकडीला बांधलं, म्हणजे सगळं सुटलं तरी बॅटरी लटकून राहील. बॅटरी आणि नळी यांच्यातल्या फटीत तीन बाजूंनी बांबूच्या पातळ चिपा हातानं सरकवल्या, मोटारीत तारा घट्ट बसायला सरकवतात तशा. हातोडी नाही. वायर पुन्हा बॅटरीला जोडून तिला बोटभर ढील ठेवली.

“वजन तारंवर कदी द्यायचं न्हाई. चिकटवल्यालं उन्हात सोडतं, आवळल्यालं ऱ्हातं.”

“मोटारीच्या तारांवर लावता तसं यावर वार्निश लावत नाही तुम्ही?”

“पुना काडायची हाय ना? मग कशाला?”

बटण दाबलं. गियर सरसर हलके झाले. आबांनी टाळी वाजवली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. मोटारीचा दर आहे, याचा नाही म्हणाल्या. आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांत नीटनेटकेपणा शोधला. इतका नीट हात क्वचित पाहिला.

धरणावर दहा मिनिटं थांबले, मग कामशेतहून लोणावळ्यापर्यंतचा चढ अंगठ्याच्या एका स्पर्शानं पार केला. चिक्की घेतली नाही, दात माझेच आहेत. येताना प्रत्येक खड्ड्यावर कान सीटकडे लावला. आवाज शून्य.

मुलगा फाटकात उभा होता. काय झालं ते सांगितल्यावर त्यानं सायकल उचलून दोनदा जोरात हलवली. काही वाजलं नाही. “चहा ठेवतो,” एवढंच म्हणाला.

तुमची नळी कार्बनची असेल तर चिपा सरकवू नका, तडा जाईल. नुसती फीत जाड गुंडाळा आणि वर बांधा. माझी ॲल्युमिनियमची आहे.

नोंद. पुढच्या शनिवारी सायकलनेच जाऊन रंजनाताईंना दिलं: ॲलन चाव्यांचा माझा संच, कारण त्यांच्या चाव्यांची तोंडं झिजली होती. त्यांच्याकडून घेतलं: सुती फितीचं एक रीळ, बांबूच्या बारा चिपा. गटातल्या चौघांना दिलं: प्रत्येकी तीन चिपा, दोन हात फीत आणि माझी माफी. मुलाला दिलं: काही नाही.