जाळ्यातलं भोक

प्रल्हाद देवस्थळींना राग यायला फारसं काही लागत नाही, हे त्यांची बायको नीला नव्या माणसाला आधीच सांगून ठेवते. पण त्या शनिवारचा राग वेगळा होता, आणि खरं सांगायचं तर तो रास्तच होता.

ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर आरमाराच्या जुन्या वस्तूंचं एक लहानसं संग्रहालय आहे. निवृत्त झाल्यापासून प्रल्हाद तिथे हौसेने मार्गदर्शकाचं काम करतात. त्यांच्याकडे एकच दालन आहे आणि त्यात एकच टॉर्पेडो, शंभरावर वर्षं जुना. पाहुणे आत शिरले की थेट त्या चकचकीत धुडाकडे धावतात. प्रल्हाद त्यांना अडवतात आणि आधी भिंतीवरच्या जाळ्यापाशी उभं करतात. काथ्याच्या दोरीचं हे जाळं त्यांनी स्वतःच विणलंय, आणि त्याला खालच्या अंगाला मुद्दाम एक भोक पाडून ठेवलंय.

“त्या काळची माणसं समुद्रात असं जाळं टांगायची,” ते सांगतात, “आणि दारूऐवजी पाणी भरलेला टॉर्पेडो त्यातून सोडायची. भोक कुठे पडलं ते बघायचं. पाहिजे त्यापेक्षा खोल गेला की चालला परत वर्कशॉपमध्ये.” मग ते टॉर्पेडो पळवणाऱ्या टर्बाइनचं सांगतात. आधी चाक एकाच दिशेने फिरायचं, त्यामुळे अख्खा टॉर्पेडो कुशीवर कलंडायचा. उलट फिरणारं दुसरं चाक बसवलं तेव्हा कुठे तो सरळ पळायला लागला. चुकायचं, चुकलेलं कबूल करायचं आणि पुन्हा सोडून बघायचं, एवढंच त्या लोकांचं शहाणपण होतं, असं प्रल्हादांचं म्हणणं.

हे ते इतकं घसा फोडून का सांगतात, ते घरच्यांना ठाऊक आहे. मुलगी इशिता सातवीत असताना प्रल्हाद कनेटिकटमध्ये विमानांचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीचं काम करायचे. थंडीच्या चाचणीत एक व्हॉल्व्ह अडकला. साहेब म्हणाले, सही करून टाका, माल उद्या जायचाय. प्रल्हादांनी नाही म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी ती सही केली, आणि महिन्याभरात प्रल्हादांची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी जाते तेव्हा नुसती नोकरी जात नाही. घर मोडून सगळे नागपूरला परतले, आणि पुन्हा इथे पाय ठेवायला त्यांना चार वर्षं लागली. सही करणारा तो माणूस कोण, हे प्रल्हादांना कधीच कळलं नाही. साहेबाला त्यांनी केव्हाच माफ करून टाकलं, पण त्या बिननावाच्या माणसाला ते आजही शिव्या घालतात.

इशिता आता कॅरी शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. संग्रहालयाला मुलांसाठी एक गेम हवा होता. तो तिने बाबांच्या प्रेमापोटी फुकट करून दिला, हेही खरं. शनिवारी आली, स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बाबांना बटण दाबायला लावलं. टॉर्पेडो सुटला, जहाज फुटलं. प्रल्हादांनी पुन्हा दाबलं. पुन्हा फुटलं. मग त्यांनी नेम मुद्दाम आकाशाकडे धरला, तरीही जहाज फुटलंच.

“चुकत कसा नाही हा?”

“बाबा, चुकला की किड्स रडतात. आम्ही टेस्ट केलं ना. म्युझियमच्या डायरेक्टरच म्हणाल्या, एव्हरी शॉट हिट्स ठेव.”

आणि खाली, ठळक अक्षरांत, इतिहास कुणी तपासला त्याचं नाव होतं. प्रल्हाद देवस्थळी.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझं नाव? मला न विचारता? ज्या माणसाने आयुष्यभर न तपासलेल्या कागदाला हात लावला नाही, त्याचं नाव ह्या खोटेपणाखाली? काढ ते.”

“इट्स जस्ट अ गेम, बाबा.”

“तो व्हॉल्व्हही जस्ट अ व्हॉल्व्हच होता.”

नीलाने चहाचे कप ठेवले आणि बाहेर गेली. इशिताचा आवाज चढला. “त्या व्हॉल्व्हमुळे माझी शाळा सुटली. माझ्या फ्रेंड्स गेल्या. मी तिकडे जाऊन रोज रडायचे. तुम्ही एक सही केली असती तर काय झालं असतं, सांगा ना. कुणाचं प्लेन पडलं?”

“पडलं नाही, ते नशीब,” प्रल्हाद म्हणाले. “तपासणी नव्हे.” एवढं बोलून ते उठून गेले. मुलीने इतकी वर्षं हे मनात ठेवलं आणि आपल्याला पत्ताही नाही, ह्याने ते आतून पार हलले होते. पण राग ओसरला नाही. रात्री ते जेवलेही नाहीत.

रविवारी गेमचं उद्‌घाटन होतं. प्रल्हाद जरा उशिराच पोचले. जाळ्याशेजारी मोठा पडदा लागला होता आणि मुलांची झुंबड उडाली होती. जाळ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. त्यांनी चष्मा लावून पडद्याची खालची ओळ वाचली. त्यांचं नाव तिथे नव्हतं. सांगितल्याप्रमाणे तिने ते काढलं होतं. त्यांना क्षणभर बरं वाटलं.

मग त्यांनी ओळ पुढे वाचली. इतिहास तपासला : इशिता देवस्थळी.

ती बाजूलाच उभी होती. “कुणीतरी साइन करायलाच हवं होतं ना, बाबा,” ती हळूच म्हणाली. “नाहीतर गेम पडद्यावर गेला नसता.”

पडद्यावर जहाज फुटलं आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्या माणसाचं तोंड प्रल्हादांनी कधी पाहिलं नव्हतं. आता ते त्याच्याकडे बघत होते, आणि तोंडातून एकही शिवी फुटत नव्हती.