‘वेसण’मधली हाक

गणपतराव गवळ्यांच्या गोठ्यात पहिल्यांदा गिटार आली, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "आता तुमच्या म्हशी आटणार." मी त्यांचा शेजारी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय काही सुटलेली नाही. गणपतराव धार काढत होते. मान वर न करता, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्हशींस्नी काय हुत न्हाय मास्तर. तरास शेजाऱ्यांस्नीच हुतोय."

गिटार गुरुप्रसादची, ड्रम उचगावच्या क्रांतीचे आणि गाणारा गणपतरावांचा एकुलता एक मुलगा सम्राट. गाणारा आपलं म्हणायचं. तोंडातून शब्द कमी आणि डरकाळ्याच जास्त. हेवी मेटल म्हणतात त्या प्रकाराला. बँडचं नाव ‘रेडा’ आणि पहिल्या अल्बमचं ‘वेसण’. मला ते संगीत तेव्हा आवडलं नाही, आजही आवडत नाही. उगीच खोटं कशाला बोलू?

पण सम्राटचा गळा कुणा उस्तादाकडं तयार झालेला नव्हता. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटरसायकलमागं पळवतात. गाडीचा सायलेन्सर काढलेला असतो, तिच्या फटफटाटावर मालकानं आपली हाक चढवायची आणि म्हशीनं गर्दीतून बरोबर तिच्याच मागं धावायचं. सम्राटची मोना नावाची म्हैस होती. त्याची आई वारल्यावर घरात बाप आणि लेक दोघंच, त्यामुळं ती रेडकू असल्यापासून सम्राटच्याच हातची. ती गणपतरावांच्या हाकेला ढिम्म हलायची नाही. सम्राटनं "हैऽऽ मोनाऽऽ" म्हटलं, की दावं ताणायची. त्याच हाकेतून पुढं त्याची डरकाळी आली.

अल्बम त्या गोठ्यातच झाला. दुपारी म्हशी नदीवर गेल्या, की पोरं भिंतींना वाकळा टांगायची, दारात कडब्याच्या पेंढ्या रचायची आणि सुरू व्हायची. गणपतराव पितळी भरून गरम दूध आणून ठेवायचे. "वरडून नरडं फाटंल त्येचं," एवढीच त्यांची समीक्षा.

शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा सम्राट हाक देतो, असं ठरलं होतं. गवळ्याच्या पोरानं म्हशींच्या परतायच्या वेळेला गोठ्यात बसून अशी हाक द्यायची नसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण गाण्याच्या नादात विसरला. म्हशी गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या. मोना पेंढ्या उधळत आत घुसली आणि क्रांतीच्या मोठ्या ड्रमवर पाय देऊनच थांबली. सम्राट हसत हसत तिला काहीतरी बोलला. गुरुप्रसादनं हाक आणि खुरांचा आवाज गाण्यात ठेवला. पुढचं बोलणं तेवढं कापून टाकलं. दूध गाळावं तशी त्यानं सगळीच गाणी स्वच्छ गाळली होती. खोकला नाही, गप्पा नाहीत, काही नाही.

पोरांनी अल्बम इंटरनेटवर चढवला आणि त्याच पावसाळ्यात पूर आला. सम्राट छातीभर पाण्यात उभा राहून हाका देत होता. त्या हाकांवर म्हशी एकेक करून वरच्या रस्त्याला लागल्या. एकही दगावली नाही. त्याचा मोबाईल मात्र पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर त्याला ताप भरला. पुरानंतर उंदरांमुळं पसरतो, तो ताप. आधी आम्ही सगळ्यांनी अंगावर काढायला लावला, मग दवाखाना गाठला, तोवर उशीर झाला होता. मी आयुष्यात फार थोड्या वेळा रडलोय. त्या दिवशी रडलो.

पुढं ‘वेसण’चं नाव झालं. परदेशातली पोरं त्यावर लिहायला लागली. गारगोटीच्या कॉलेजातली मुलं काळे बनियन घालून गोठ्याचे फोटो काढायला यायची. "काका, दादांचा आवाज म्हणजे एक नंबर," म्हणायची. गणपतराव त्यांना दूध पाजायचे, मान डोलवायचे. ती गेली, की माझ्याकडं यायचे. "मास्तर, जगानं ऐकला की वो त्येचा आवाज. मला काय त्यो घावत न्हाय. त्यात नुसता राक्षस हाय."

मुलाचा आवाज दुसरीकडं कुठंच उरला नव्हता. चित्रफिती होत्या त्या मोबाईलबरोबर गेल्या. एके दिवशी त्यांनी गुरुप्रसादला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ते कापल्यालं बोलणं आण. काय बी आण." ते गुरुप्रसादनं केव्हाच पुसून टाकलं होतं. मग गणपतरावांनी त्याला तिथं गोठ्यातच सगळा अल्बम लावायला सांगितला.

गुडघ्यांवर हात ठेवून ते ऐकत बसले. एकेक गाणं संपत गेलं, चेहरा तसाच कोरा. शेवटच्या गाण्यात वाद्यं थांबली आणि हाक आली. मोनानं खुंटा उपटला. स्पीकरपाशी आली, तो हुंगला, मागं जाऊन बघितलं. मग दारात जाऊन गल्लीकडं तोंड करून उभी राहिली. तिला पान्हा फुटला होता, दूध खाली ठिबकत होतं.

"ह्यो हाय," गणपतराव म्हणाले. "ह्यो माझा सम्राट हाय." आणि एवढा दांडगा माणूस शेणात बसून रडला.

गुरुप्रसादनं विचारलं, "काका, परत लावू?"

"नगं."

मोना दिवस मावळेपर्यंत दारातच उभी होती. वैरणीला तोंड लावलं नाही. कुठली मोटरसायकल गेली, की कान टवकारायची. गणपतराव तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "मला ठावं हाय त्यो गेलाय," मला म्हणाले. "हिला कुणी सांगायचं?"

त्यानंतर गोठ्यात ‘वेसण’ वाजली नाही. फोटो काढायला येणाऱ्यांनाही ते आधीच बजावतात.

परवा सकाळी मी दूध आणायला गेलो. गणपतराव मोनाच्या कुशीला डोकं टेकवून धार काढत होते. त्यांच्या कानात इअरफोन होते. म्हातारपणी हे काय नवीन, म्हणून मी लांबूनच मोठ्यानं विचारलं, "काय गणपतराव, काय ऐकताय?"

जन्मात कधी हळू न बोललेल्या त्या माणसानं तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजत म्हणाला, "हळू बोला मास्तर. हिला कळंल, त्यो माझ्याकडं येतोय."