थांबलेला सामना

आमच्या वस्तीतल्या मुलींच्या कबड्डी संघाने यंदा स्तनांच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी गुलाबी जर्सी घेतली. मैदानाच्या कडेला तपासणीसाठी तंबू उभारला, आत डॉक्टरीणबाई बसल्या. मध्यंतरापर्यंत तिकडे कुणी फिरकले नाही. पुन्हा शिटी वाजली, तरी मुली रेषेवर मांडी घालून बसून राहिल्या. समोरचा संघही बसला.

"चढाई कधी करणार गं?" मागून एकजण ओरडला.

"काकूंना तंबूत पाठवा काका, लगेच करते," कर्णधार शांतपणे म्हणाली. लोक हसले.

माझ्या पत्नीने छातीतली गाठ कितीतरी महिने कुणाला सांगितली नव्हती. आपल्याकडे बायका स्वतःचे दुखणेही सगळ्यांची जेवणे उरकल्यावरच काढतात. ती गेल्यापासून आमची मुलगी तपासणीचा विषय टाळते. तिला उत्तराची भीती वाटते.

आज ती माझ्याशेजारी होती; त्या बसलेल्या मुलींकडे बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, पर्स धरा," म्हणाली आणि उठली. तिच्यामागून आणखी दोघी उठल्या.

तंबूचा पडदा पडला. मागचा माणूस पुन्हा ओरडला, तेव्हा मी वळून म्हणालो, "थांबा जरा. आमची मुलगी आत आहे."