दादाचं पुष्पचक्र

आमच्या वहिनीच्या नादी कुणी लागू नये, हे मी तिची नणंद असून सांगते. सरकारी बागेच्या फूलखोलीत ती कामाला होती. सभागृहातल्या टेबलांवरच्या रचना, पाहुण्यांचे गुच्छ, मोठ्या लोकांची पुष्पचक्रं, सगळं तिच्या हातचं. माझा दादा त्याच बागेत माळी. राज्यफुलाचा वाफा त्याच्याकडे.

हे राज्यफूल निळं, देखणं आणि भलतंच नखरेल. तोडलं की देठातून चीक गळतो आणि फूल मान टाकतं. म्हणून दादा पहाटे कापायचा आणि वहिनी शेजारी मेणबत्ती लावून बसायची. देठाला चटका दिला की लगेच पाण्यात. दोघांची भांडणंही तिथेच. तू आखूड कापलंस, तू जास्त जाळलंस. घरी येऊन भांडायला काही उरतच नसे.

दादा गेला तोही वाफ्यातच. खुरपं हातात होतं आणि छातीत कळ आली.

त्याच्यावर राज्यफुलाचंच पुष्पचक्र ठेवायचं, असं वहिनीने साहेबांना सांगितलं. बागेचे साहेब भेटायला आले होते. माणूस वाईट नाही, पण त्यांनी नियम काढला. राज्यफुलाचं पुष्पचक्र फक्त मोठ्या पदावरच्या माणसांना. शिवाय दुसऱ्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार, सभागृहात तीच फुलं लागणार. बाकी बागेतलं काहीही घ्या म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर त्या फुलांपुढे गुडघे मोडून घेतले माझ्या भावाने, आणि त्याला म्हणे बाकीचं काहीही!

वहिनीने डोळे पुसले, कात्री घेतली आणि मला मेणबत्ती धरायला लावून तडक वाफ्यात शिरली. एक फूल मागे ठेवलं नाही. माझं बोट भाजलं. ती मात्र देठामागून देठ पुढे करत होती. मध्येच थांबून म्हणाली, "जास्त जाळलं तर आता बोलणार कोण गं मला?" मग मात्र आम्ही दोघी तिथेच बसून पोटभर रडलो.

पुष्पचक्र एवढं मोठं झालं की दोघींना मिळून उचलावं लागलं. दादा त्याखाली छातीपर्यंत झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोरचं फुलपात्र रिकामं. साहेबांनी वहिनीला बोलावून घेतलं, मी सोबत गेले. वरून फार बोलणी बसली होती बिचाऱ्यांना. तरी त्यांनी वाट काढून ठेवली होती. दुःखात चूक झाली, एवढं सगळ्यांसमोर म्हणा, माफी मागा, काम राहील. मी वहिनीला कोपराने ढोसलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की म्हणून टाकावं.

वहिनी म्हणाली, "साहेब, मी माफी मागितली तर ती फुलं चोरीची ठरतात. माझ्या नवऱ्याच्या अंगावर चोरीचं काही नव्हतं."

काम गेलं. माफी तिने आजतागायत मागितलेली नाही.