सुलभाताईंनी निवडलेलं मीटर

सुलभाताई कुठलीही वस्तू दुकानाच्या आत पसंत करत नसत. साडी असो, कुलूप असो नाहीतर गॅसची शेगडी, ती उचलून त्या सरळ रस्त्यावर येत आणि उन्हात धरून बघत. मागोमाग दुकानदार. "पळून नाय चालले मी," त्या त्याला सांगत, "तुझ्या ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं." अलिबागच्या बाजारात त्यांना सगळे ओळखत, त्यामुळे कोणी हरकत घेत नसे.

माझी बायको वर्षा ज्या शाळेत शिकवते, तिथे त्या पीटीच्या बाई होत्या. निवृत्तीनंतरही नागावच्या आपल्या वाडीतून रोज सायकलने अलिबागला येत. गुडघे कुरकुरले की त्यांनाच दम भरत, "गप बसा, तुम्हाला कोणी विचारलंय?"

मला स्टेंट बसवल्यावर काही महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली. अट एकच, सपाट रस्ता आणि बोलता येईल इतकाच वेग. मला हायसं वाटलं, वर्षा मात्र धास्तावली. मी निघालो की ती फाटकाशी उभी राही, ती मी परतेपर्यंत. "मी हळूच चालवतो गं," म्हटलं तरी तिला पटेना. खरं तर मलाही पटत नव्हतं. छातीत जरा चमक आली की मी अर्ध्या वाटेतून परतत असे. शेवटी सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच, आणि मी खुर्चीत बसून स्वतःचे ठोके ऐकू लागलो.

यावर मी एक तोडगा काढला. वेग दाखवणारा, चांगला महागातला सायकल कॉम्प्युटर घ्यायचा. सुलभाताई त्याला मीटर म्हणत. दुकानात त्या माझ्याबरोबर आल्या.

"ह्यात काय काय आहे?" मी निवडलेल्या महागड्या मीटरकडे बघत त्यांनी मला विचारलं.

"नकाशा आहे, चढ किती ते कळतं, मोबाइलला जोडता येतो…"

"नागावला जायला नकाशा? वाट चुकलास तर कोणालाही विचार!"

मग दुकानातली सगळी मीटरं रस्त्यावर आली. "चष्मा काढ आणि वाच," त्यांनी फर्मावलं. महागड्याचा रंगीत पडदा उन्हात आरशासारखा चमकत होता, त्यावर इवलेइवले आकडे. मला ओ की ठो कळेना. मग त्यांनी सगळ्यात साधं, वायरवालं मीटर पुढे केलं. वेगाचा एकच ठसठशीत आकडा, खाली अंतर. तो मी झटकन वाचला.

"हेच घे. मान घालून वाचत बसलास तर समोरून डंपर येईल. वायर आहे ते बरंच, खाऱ्या हवेने जोड गंजू नयेत म्हणून तिथे थोडं व्हॅसलीन लावायचं."

पैसे वाचले म्हणून मी खूश झालो, तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यातल्या एका जुन्या लेडीज सायकलच्या सीटवर थाप मारली. "उरल्या पैशात ही घे. वर्षाला."

"तिला कशाला?"

"डॉक्टर म्हणाले ना, बोलता आलं पायजे? एकटा कोणाशी बोलणार आहेस, नारळांशी?"

आणि ते मीटर त्यांनी वर्षाच्या हँडलवर बसवायला सांगितलं! मी तडकलोच. आजार माझा, पैसे माझे, आणि मीटर हिच्या सायकलला? सुलभाताई शांतपणे म्हणाल्या, "घाबरते ती. आकडा तिला दिसू दे."

वर्षाने कॉलेजनंतर सायकलला हात लावला नव्हता. नागावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या कडक वाळूत सुलभाताई तिच्यामागे धावल्या, त्या गुडघ्यांनिशी. मग मीटरने वेग बरोबर दाखवावा म्हणून त्यांनी वर्षाला सीटवर बसवून, चाकाचा एक पूर्ण फेरा वाळूवर मोजून तो मीटरमध्ये भरला. "वजनाने टायर दबतो, रिकामी सायकल मोजून उपयोग नाय." शेवटी आम्ही तिघं रस्त्यावर आलो. मला अखंड बडबड करायला लावली होती. एका ठिकाणी माझं वाक्य तुटलं, तशा त्या ओरडल्या, "वर्षा, आकडा बघ! ह्याच्या खाली राहायचं."

तेव्हापासून वर्षा पुढे आणि मी मागे. लग्नानंतर कधी बोललो नव्हतो तेवढं त्या रस्त्यावर बोललो. ती मान न वळवता भांडायची. तिची भीती कधी गेली कळलं नाही, माझीही तशीच गेली. डॉक्टरांनी माझी रक्तवाहिनी मोकळी केली, पण मला घराबाहेर सुलभाताईंनी काढलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

या पावसाळ्यानंतर एका सकाळी त्या झोपेतच गेल्याचा निरोप आला. आम्ही सायकलींवरच निघालो. बरंच अंतर गेल्यावर वर्षाने ब्रेक दाबला आणि मागे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुम्ही बोलत का नाही? दम लागलाय का?"

मी नुसतीच नकारार्थी मान हलवली. तिने घाईघाईने माझ्या मनगटावर बोटं ठेवली, मग माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. सायकल रस्त्याच्या कडेला उभी करून ती जवळ आली.

"रडा," ती म्हणाली. "मी थांबते."